बाटली भरायची कुठे?

‘घरून पाण्याची बाटली आणा’ ही सूचना गोव्यात आता शाळेच्या परिपत्रकात असते, सरकारी कार्यक्रमाच्या निमंत्रणात असते आणि जूनमध्ये पर्यावरण दिन आला की प्रत्येक व्यासपीठावरून ऐकू येते. सूचना योग्यच आहे. स्टीलची किंवा तांब्याची बाटली खांद्याला लावून बाहेर पडणाऱ्यांपैकी मी एक आहे. पण एप्रिलच्या उन्हात वाळपईहून सकाळच्या बसने पणजीला निघालेल्या माणसाची लिटरभराची बाटली दुपारच्या जेवणाआधीच रिकामी होते. ती पुन्हा भरायची कुठे, हे सांगणारे परिपत्रक अजून निघालेले नाही. बसस्थानकावर विचारा, बाजारात विचारा, किनाऱ्यावर विचारा. बहुतेक ठिकाणी बोट दाखवले जाते ते शीतपेयांच्या फ्रीजकडे.

म्हणून मला आग्रहाने मांडायचे आहे ते एवढेच की, गोव्यात प्लास्टिकच्या बाटल्यांचा प्रश्न हा मुळात बाटलीचा प्रश्न नाही. तो भरवशाच्या, फुकट आणि सर्वांना खुल्या असलेल्या सार्वजनिक पाण्याचा प्रश्न आहे. ते पाणी पुरवण्याची जबाबदारी सरकारची, पालिकेची आणि पंचायतीची आहे. ती पार न पाडता नागरिकाला ‘तू बाटली का विकत घेतलीस’ असे विचारणे अन्यायाचे आहे.

हे गोव्यात घडावे याचे अधिक वाईट वाटते, कारण हा प्रदेश पाण्याने गरीब नाही. वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस इथे पडतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. नद्या लांबीने लहान, सह्याद्रीवरून उतरून लगेच समुद्राला मिळणाऱ्या, आणि भरतीचे खारे पाणी त्यांच्यात बरेच आतवर शिरणारे. त्यामुळे नदी दारात असली तरी तिचे पाणी पिता येईलच असे नाही. म्हणून पूर्वीच्या लोकांनी जमिनीतल्या पाण्यावर भिस्त ठेवली. जांभा दगड पावसाचे पाणी शोषतो आणि डोंगराच्या पायथ्याशी झरीच्या रूपाने परत देतो. साळगावची झर, केसरवालची झर, पणजीतले ‘बोका द व्हाका’ म्हणजे गायीच्या तोंडातून पडणारे पाणी, पणजीच्याच मळा भागातले ‘फोंते फेनिक्स’ ही त्यातली काही ठिकाणे. पणजीच्या ज्या वस्तीचे फोटो काढायला आज जगभरातून लोक येतात, त्या फोंताइन्हासचे नावच मुळी झऱ्यांवरून पडले. मंगेशी, नागेशी, बांदोडा इथल्या देवळांसमोरच्या तळ्या आहेत. आणि घरोघरी चिऱ्यांनी बांधलेली विहीर, जिला आपल्याकडे मराठी बोलणारेही बांयच म्हणतात.

या पाण्याभोवती चालीरीती घडल्या. उन्हातून आलेल्या माणसाला नाव-गाव विचारण्याआधी गूळ-पाणी द्यायचे. अक्षय्य तृतीयेला पाण्याने भरलेला कुंभ दान करायचा. वैशाखात वाटेवर पाणपोई घालायची, रांजणाला ओले फडके गुंडाळायचे आणि त्यावर झाकण म्हणून पाट ठेवायचा. पाण्याला कुणी नाही म्हणायचे नाही. घरात प्यायचे पाणी तांब्याच्या कळशीत किंवा मातीच्या मडक्यात असे. जुन्या घरांतून मातीचा कुजा असे, काही ठिकाणी चोच असलेले गुरगुलेट असे, ज्यातून पाणी पडताना त्याच्या नावासारखाच आवाज येई. डिचोलीच्या कुंभारांची चाके या भांड्यांवर चालत. पिण्याची रीतही ठरलेली होती. तांब्यातून फुलपात्रात ओतून घ्यायचे, नाहीतर भांड्याला ओठ न लावता वरून धार धरायची. एका तांब्यावर सगळी पंगत पाणी पीत असे आणि तरीही कुणी कुणाचे उष्टे पीत नसे. साथीच्या रोगांच्या काळात ही रीत किती शहाणपणाची होती, हे सांगायला डॉक्टर नको.

मात्र याच रीतीला दुसरी बाजू होती आणि ती झाकून पाण्याच्या परंपरेचे गोडवे गाणे मला मान्य नाही. वरून धार धरण्यामागे स्वच्छता होती तशीच अस्पृश्यताही होती. कित्येकांना ओंजळ पुढे करून, दुसऱ्याने उंचावरून ओतलेले पाणी प्यावे लागले. विहिरी आणि तळ्या सगळ्यांच्या नव्हत्या. शेजारच्या मुंबई प्रांतात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव १९२३ मध्ये विधिमंडळात मंजूर झाला, तरी महाडचे चवदार तळे खुले होईना. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या तळ्याचे पाणी हातात घेतले तेव्हा त्यासाठी हजारो माणसांना चालत जावे लागले आणि परतताना मार खावा लागला. गोव्यातले पाणवठे या रोगापासून मुक्त होते असे कुणी म्हणू नये. पोर्तुगीज राजवट होती म्हणून जात गेली नव्हती.

म्हणूनच रस्त्यावरच्या सरकारी नळाला मी फार मान देते. तो कुणालाही जात विचारत नाही आणि पैसेही मागत नाही. बंद बाटलीच्या पाण्याने पहिली अट पाळली, पण दुसरी मोडली. वीस रुपये खिशात नसलेल्या मजुराला, शाळकरी पोराला आणि बाजारात पाट्या वाहणाऱ्या बाईला तहान तेवढीच लागते. जातीची अट जाऊन तिच्या जागी पैशाची अट येत असेल आणि आपण तिकडे सोय म्हणून पाहत असू, तर आपण चवदार तळ्यापासून काहीच शिकलो नाही.

आता नळाचे पाहू. खांडेपार नदीवरचा ओपा प्रकल्प पोर्तुगीज काळापासून पणजी-तिसवाडीची तहान भागवत आला. मुक्तीनंतर अस्नोडा, सांगे तालुक्यातले साळावली धरण, सत्तरीतले अंजुणे, काणकोणातले चापोली, महाराष्ट्राबरोबरचा तिळारी प्रकल्प, पेडण्यातले चांदेल, म्हादईवरचे दाबोस असे जाळे विणले गेले. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘हर घर जल’ म्हणून प्रमाणित झालेले देशातले पहिले राज्य गोवा ठरले. ग्रामीण भागातल्या २ लाख ६३ हजार घरांत नळ पोहोचला. सप्टेंबर २०२१ मध्ये महिन्याला १६ हजार लिटरपर्यंत पाणी मोफत देण्याची योजनाही सरकारने सुरू केली. हे सारे काम मोठे आहे आणि ते करणाऱ्या अभियंत्यांना, रात्री-बेरात्री व्हॉल्व्ह उघडायला जाणाऱ्या कामगारांना त्याचे श्रेय दिलेच पाहिजे.

तरीही ज्या घरात नळ आला, त्याच घरात फिल्टरही आला आणि समारंभाला वीस लिटरचे जारही आले. लोक नळाचे पाणी वापरतात, पण त्यावर विश्वास ठेवत नाहीत. हा अविश्वास खुळचट म्हणून झटकता येणार नाही, कारण त्याच्या मुळाशी खरी गोष्ट आहे. प्रक्रिया केंद्रातून पाणी निघते तेव्हा ते गाळलेले आणि क्लोरीन घातलेले असते. बिघाड होतो तो वाटेत. आपल्याकडे पाणी चोवीस तास येत नाही, काही तास येते आणि थांबते. पुरवठा थांबला की वाहिनीतला दाब जातो. दाब गेला की जिथे जिथे फट असेल तिथून बाहेरचे पाणी आत ओढले जाते, आणि जांभ्याच्या जमिनीत पावसाळाभर वाहिनीच्या भोवती चिखल आणि सांडपाणीच असते. पुन्हा पाणी सुरू झाले की पहिला लोंढा गढूळ येतो. बादलीभर ओतून द्यायची आणि मग भरायला घ्यायचे, हे इथल्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. त्यानंतर ते पाणी गच्चीवरच्या टाकीत चढते. टाकी शेवटची कधी धुतली, हे भाड्याच्या इमारतीत कुणालाही सांगता येत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे नळाच्या टोकाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असला पाहिजे. दोन दिवस टाकीत उन्हाने तापलेल्या पाण्यात तो उरत नाही.

आणि एकाच वाहिनीवर सगळा भार टाकला की काय होते ते ऑगस्ट २०१९ मध्ये पाहिले. ओपाहून निघालेल्या मोठ्या जलवाहिन्या केरये-खांडेपार इथे फुटल्या. तिसवाडी आणि फोंडा तालुक्यांतले नळ कित्येक दिवस कोरडे पडले. बाहेर धो धो पाऊस आणि घरात प्यायला पाणी नाही. तेव्हा ज्यांच्या परसात वापरातली विहीर होती त्यांच्या दारात शेजारीपाजारी कळश्या घेऊन उभे राहिले. ज्यांनी विहिरीवर जाळी टाकून ती पालापाचोळ्याच्या हवाली केली होती त्यांना टँकरची वाट पाहावी लागली.

विहिरीकडे परत चला, असा सोपा उपदेश मी यातून काढत नाही. जांभा सच्छिद्र असतो. जसे पाणी तो पटकन मुरवतो, तशीच घाणही तो पटकन मुरवतो. शौचालयाचा शोषखड्डा आणि विहीर यांच्यात पूर्वी आंब्या-फणसाचे अख्खे परस असे, आता दोन्ही एकाच भिंतीच्या अल्याड-पल्याड आले आहेत. डिचोली, सत्तरी, सांगे या पट्ट्यात लोहखनिजाच्या खाणी पाण्याच्या पातळीच्याही खाली खणल्या गेल्या. खंदक कोरडा ठेवण्यासाठी वर्षानुवर्षे पाणी उपसले गेले आणि आजूबाजूच्या झरी आटल्या. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवले तेव्हा त्या खंदकांत पाणी साचले, आणि पुढे उन्हाळ्यात टंचाई भासली की तेच पाणी पुरवठ्यासाठी उपसण्याची वेळ सरकारवर आली. किनारी भागात कूपनलिका वाढल्या, टँकरची ये-जा वाढली. भूजल नियमनाचा कायदा गोव्याने २००२ मध्येच केला आहे. तो कडकपणे राबवला गेला असता तर आज पुष्कळ विहिरी गोड्या राहिल्या असत्या. विहीर राखायची ती अडचणीच्या वेळचा दुसरा आधार म्हणून. वर्षातून एकदा उपसावी, पाणी तपासून घ्यावे आणि पिण्याआधी खळखळून उकळावे.

फिल्टरबद्दलही थोडे सांगायला हवे. गोव्यातल्या कित्येक घरांत आरओ यंत्र बसले आहे. आरओचे काम पाण्यातले विरघळलेले क्षार काढण्याचे. समुद्रालगतच्या खारट विहिरींना किंवा दख्खनच्या पठारावरच्या जड पाण्याला ते लागते. आपल्या धरणा-नद्यांचे पाणी मुळातच हलके आहे, त्यात क्षार फार नसतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये, ज्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार आहेत तिथे आरओवर बंदी घालण्याचे निर्देश दिले होते. कारण साधे आहे. हे यंत्र प्यायला जेवढे पाणी देते त्याहून जास्त पाणी मोरीत सोडते. जंतूंची भीती असेल तर उकळणे किंवा अतिनील किरणांचा साधा फिल्टर पुरतो. दुकानदार पेल्यात विजेच्या दोन तारा सोडून पाणी तपकिरी करून दाखवतो आणि माणूस घाबरून यंत्र घेतो. तो तपकिरी गाळ पाण्यातल्या घाणीचा नसून बहुतांशी झिजलेल्या तारांच्या लोखंडाचा असतो, हे त्याला कुणी सांगत नाही.

बंद बाटलीतले पाणी तरी निर्धोक आहे का? आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक बाटल्यांत कुठल्याही डोंगरी झऱ्याचे पाणी नसते. कूपनलिकेचे किंवा पुरवठ्याचेच पाणी गाळून ते ‘पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर’ म्हणून भरलेले असते. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ च्या आरंभी तिथल्या बाटलीबंद पाण्यात लिटरमागे सरासरी २ लाख ४० हजारांच्या आसपास प्लास्टिकचे कण मोजले, त्यातले बहुतेक अतिसूक्ष्म. दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या सहभागाने झालेल्या अभ्यासात गोव्याच्या नळाच्या पाण्यातही सूक्ष्मप्लास्टिक सापडले आहे, हेही सांगितले पाहिजे. म्हणजे फेकलेल्या बाटल्यांचे कण फिरून आपल्या पोटात येण्याची वाट आता नळातूनही जाते. उन्हात ट्रकवर तापत आलेली बाटली हा त्यावर उतारा होऊ शकत नाही.

गोव्याची वस्ती पंधरा लाखांच्या घरात आणि वर्षाला येणारे पर्यटक एक कोटीच्या आसपास. प्रत्येकाने इथल्या मुक्कामात दोन-चार बाटल्या घेतल्या तरी तो ढीग कुठे जातो हे पाहायचे असेल तर पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यात कुठल्याही व्हाळाच्या मोरीपाशी जाऊन उभे राहावे. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली, पण पाण्याची बाटली त्या यादीत नाही. गोवा सरकारने २०२४ मध्ये ठेव-परतावा योजना अधिसूचित केली. रिकामी बाटली परत केली की ठेव परत. योजना चांगली आहे, तिला माझा पाठिंबा आहे. पण ती बाटली विकली गेल्यानंतर सुरू होते. मला तिच्या आधीचा टप्पा हवा आहे.

तो टप्पा अशक्य नाही, कारण दोन पर्यटनस्थळांनी तो गाठून दाखवला आहे. ओडिशातल्या पुरी शहरात २६ जुलै २०२१ पासून थेट नळातून पिण्याजोगे पाणी चोवीस तास देण्याची योजना सुरू झाली. लाखो भाविकांच्या त्या गावात रस्त्यांवर पिण्याच्या पाण्याचे नळ बसवले गेले. तिथली मेख ‘चोवीस तास’ या दोन शब्दांत आहे. वाहिनीत दाब कायम राहिला की बाहेरची घाण आत शिरत नाही, आणि घरांना टाकीची गरज उरत नाही. सिक्कीमने जानेवारी २०२२ पासून बाटलीबंद पाण्याच्या विक्रीवर बंदी घातली. दोन्ही ठिकाणे आपल्यासारखी, बाहेरून येणाऱ्यांवर चालणारी आहेत. पर्यटक रुसेल ही भीती तिथेही होतीच. मला विचाराल तर आपण पुरीचा क्रम धरावा. आधी पाणी द्यावे आणि नंतर बंदीचा विचार करावा. पणजी, म्हापसा, मडगाव, वास्को, फोंडा या शहरांचा एकेक विभाग घेऊन तिथे चोवीस तास दाब ठेवून दाखवावा. एका प्रभागात लोकांनी नळाला तोंड लावून पाणी प्यायले की दुसऱ्या प्रभागात भाषणाची गरज पडणार नाही.

आता बाटलीकडे वळते. बाटली कशी असावी यावर आपल्याकडे कुणी गंभीरपणे बोलत नाही, आणि बाजारात जे मिळते ते परदेशी सवयींसाठी घडवलेले असते. उदाहरण म्हणून चोखून पिण्याची नळी असलेली बाटली पाहा. ती एका माणसाने ओठ लावून प्यायची वस्तू आहे. आपल्या घरातली बाटली बसमध्ये शेजारच्या बाईच्या तान्ह्या मुलासाठी पुढे केली जाते, शेतात चौघांत फिरते, वर्गात बाकावरून बाकावर जाते. तिच्या तोंडातून वरून धरता येईल अशी एकसंध धार पडली पाहिजे. अगदी अरुंद तोंडातून पाणी गचके खात पडते, कारण हवेला आत जायला वाट नसते. फार रुंद तोंडातून खड्ड्यात बस आदळली की निम्मे पाणी पदरावर येते. त्यामुळे मला सगळ्यांत पटलेली रचना दुहेरी तोंडाची आहे. खाली हात जाईल एवढे रुंद तोंड, त्यावर फिरवून बसवायचा गळा आणि त्या गळ्याला रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे तोंड. प्यायला वरचे उघडायचे, घासायला खालचे.

घासणे हा मुद्दा आपल्या हवेत सगळ्यांत महत्त्वाचा आहे. जून ते सप्टेंबर इथे चपलेलाही बुरशी येते. बाटलीच्या झाकणातली रबरी कडी एकदा सुईच्या टोकाने उचलून पाहावी. तिच्या खाचेत काळी, बुळबुळीत रेघ धरलेली असते. बाटली रोज विसळली जाते, पण कडी महिनोन्महिने जागची हलत नाही, आणि कित्येक झाकणांत ती अशी चिकटवलेली असते की काढताच येत नाही. आत स्प्रिंग, बटण आणि नळी असलेल्या झाकणात अशा पाच-सहा जागा असतात जिथे बोट पोहोचत नाही. तांब्या टिकला तो यामुळेच. त्यात लपण्यासारखी जागा नाही. सोडणाने म्हणजे नारळाच्या काथ्याने घासला, आंबट बिंबलाचा किंवा चिंचेचा कोळ चोळला, उपडा घातला, झाले. ज्या बाटलीची कडी नखाने निघत नाही आणि जिच्या तळाशी बोटे टेकत नाहीत ती बाटली कोकणपट्टीत विकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तांब्याच्या बाटल्यांची सध्या लाट आहे. तिच्यामागे काही तथ्य आहे. बंगळूरूच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलेल्या पाण्यातले पटकी, विषमज्वर, अतिसार यांना कारण होणारे जंतू नाहीसे झाले, आणि पाण्यात उतरलेले तांबे जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या आत राहिले. पण ते १६ तास विसरू नयेत. सकाळी नळाखाली भरून तासाभरात प्यायलेल्या पाण्याला तांब्याने काही केलेले नसते. शिवाय आतून लाखेचा मुलामा दिलेली बाटली असेल तर तांबे पाण्याला लागतच नाही. आणि कोकम सरबत, लिंबूपाणी, ताक यांतले काहीही तांब्याच्या बाटलीत घालू नये. आंबट पदार्थात तांबे नको तेवढे उतरते. आपल्याकडे उन्हाळ्यात सोलांच्या सरबताशिवाय दिवस जात नाही, म्हणून हे इथे ठासून सांगितले पाहिजे. अशा घराला स्टील बरे. तेही अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेलचे, बाजारात ज्याला ३०४ म्हणतात ते. खाऱ्या हवेत हलक्या स्टीलला शिवणीपाशी गंज चढतो. तांबे, स्टील आणि ॲल्युमिनियमच्या पाण्याच्या बाटल्यांना भारतीय मानक ब्युरोचे (बीआयएस) प्रमाणन सक्तीचे करणारा आदेश केंद्राने २०२३ मध्ये काढला आहे, तेव्हा घेताना आयएसआय चिन्ह बघावे.

थंड ठेवणाऱ्या दुहेरी भिंतीच्या बाटल्या छान असतात, पण लिटरभराची अशी बाटली रिकामी असतानाच अर्ध्या किलोच्या आसपास भरते. पाचवीतल्या मुलाच्या दप्तरात पाण्यासह दीड किलो होतो. शाळेच्या आवारात पिण्याजोगा नळ असेल तर त्या मुलाला अर्ध्या लिटरची साधी, एकेरी स्टीलची बाटली पुरते. इथे बाटलीची रचना आणि नळ यांची गाठ पडते. भरायची सोय जितकी जवळ, तितकी बाटली लहान, हलकी आणि स्वस्त होते. मोठी बाटली वागवणे हा सार्वजनिक पाणी नसल्याचा भुर्दंड आहे आणि तो सध्या मुले आणि बायका खांद्यावर वाहतात.

नळाची रचनाही तशीच दुर्लक्षित आहे. जिथे सार्वजनिक नळ किंवा कूलर आहे तिथे बाटली घेऊन जाऊन बघा. नळाचे तोंड आणि खालची जाळी यांत वीतभरच अंतर असते, कारण तो पेल्यासाठी बसवलेला असतो. बाटली उभी राहत नाही. ती तिरकी धरावी लागते, निम्मी भरते आणि उरलेले पाणी मनगटावरून कोपरापर्यंत वाहते. नळ दाबून धरायचा असतो, म्हणजे एका हातात बाटली, दुसरा हात नळावर, पिशवी काखेत आणि मूल कमरेवर. हा नळ बसवणाऱ्याने कधी त्याखाली बाटली भरलेली नसावी. जाळीपासून तोंडापर्यंत सव्वा फूट मोकळे अंतर, एकदा फिरवला की चालू राहणारा आणि धार जोरकस ठेवणारा नळ, मुलांसाठी आणि चाकाच्या खुर्चीतल्या माणसासाठी दुसरा खालचा नळ, वर सावली, खाली पाणी तुंबणार नाही असा उतार. यात परदेशी तंत्रज्ञान काही नाही. म्हापशातला कुठलाही प्लंबर हे आठवड्याभरात करून देईल.

अवघड आहे ते पुढचे. गोव्यात देणगीतून आलेले कूलर पुष्कळ आहेत. कुणाच्या तरी स्मरणार्थ दिलेले, नावाची पाटी लावलेले, आणि वर्षा-दोन वर्षांत बंद पडलेले. देणगीदाराचा हेतू खरा असतो. यंत्र देता येते, पण त्याचा फिल्टर दर तीन महिन्यांनी बदलणारा माणूस देता येत नाही. तो माणूस पंचायतीने आणि पालिकेने पगारावर ठेवला पाहिजे. पाणी तपासायलाही माणसे आहेत. जलजीवन अभियानात प्रत्येक गावातल्या पाच महिलांना तपासणी संचावर पाणी तपासण्याचे प्रशिक्षण द्यायची तरतूद आहे. त्यांच्याकडे गावातले सार्वजनिक नळ सोपवावेत, त्या कामाचे रीतसर मानधन द्यावे आणि तपासणीची तारीख व निकाल नळावरच्याच फळ्यावर खडूने लिहावा. मराठीत आणि कोकणीत, कुणालाही वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात. लोकांचा गेलेला विश्वास जाहिरातीने परत येणार नाही, त्या फळ्यावरच्या ताज्या तारखेने येईल.

पैशाचे कारण कुणी पुढे करू नये. हॉटेलांना आणि किनाऱ्यावरच्या शॅक्सना परवाना देताना ‘मागेल त्याला गाळलेले पाणी मोफत’ ही अट घालायला सरकारला एक रुपया लागत नाही. खानावळीत आज पहिला प्रश्न येतो, ‘बिसलेरी की साधे?’ आणि ‘साधे’ म्हणणारा ओशाळतो. अट असेल तर साधा तांब्या आपोआप टेबलावर येईल. देवस्थानांनीही जत्रेच्या काळात तेच करावे. पंढरपूरला पायी निघणाऱ्या आपल्या दिंड्यांना वाटेवरची गावे घागरी भरून पाणी देतात. तीच रीत आपल्या जत्रेत पाळायला कसली अडचण?

म्हादई नदीचे पाणी कर्नाटकाकडे वळवले जाऊ नये म्हणून गोवा पेटून उठतो, आणि त्यात मी सामील आहे. २०१८ च्या ऑगस्टमध्ये म्हादई पाणीवाटप लवादाने गोव्याच्या वाट्याला २४ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले, कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३. कर्नाटकाला दिलेल्या पाण्याविरुद्ध आपण लढलेच पाहिजे. पण विधानसभेत म्हादईवर जेवढे तास चर्चा होते त्याच्या दहाव्या हिश्शाने तरी आपल्या वाट्याचे पाणी बसस्थानकावरच्या माणसाच्या बाटलीत कसे पडणार यावर व्हावी.

एक गोष्ट राहिली आणि ती पाण्याच्या चर्चेत नेहमीच राहून जाते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पहाटेपासून संध्याकाळपर्यंत बसणाऱ्या विक्रेत्या बायकांना विचारा, दिवसभरात किती पाणी पिता. बऱ्याच जणी सांगतात की मुद्दामच पीत नाही. पाणी प्यायले की जायला लागते, आणि जाण्याजोगी जागा जवळ नसते, असली तर स्वच्छ नसते, आणि मालावर लक्ष ठेवायला कुणी नसते. बसमध्ये दोन-दोन तास काढणाऱ्या नोकरदार बायका आणि मुली हेच करतात, आणि मूत्रमार्गाचे दुखणे घेऊन डॉक्टरकडे जातात. त्यांच्यासाठी कितीही उत्तम बाटली आणि कितीही शुद्ध नळ निरुपयोगी आहे. बाजारात, बसस्थानकावर किंवा किनाऱ्यावर पाण्याचा नळ आखताना त्याच आराखड्यावर बायकांच्या शौचालयाची जागा आखली गेली पाहिजे. उजेडात, आतून कडी असलेले, पाणी असलेले आणि दिवसभर उघडे. एकाच निविदेत, एकाच देखभालीच्या करारात आणि तपासणीच्या त्याच फळ्यावर.